निकालाचा फ्लेक्स नको, आठवीपासूनचा ताळमेळ दाखवा: आपल्या गावचं हायस्कूल कसं तपासावं

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आमच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स उगवतात. ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’, त्याखाली मोठ्ठा १००%, त्याखाली पासपोर्ट साइज फोटोंची रांग. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. टक्केवारी दिसली की माझी नजर आधी भाजक शोधते. शंभर टक्के, पण कितींपैकी? हे फ्लेक्सवर कधीच नसतं.

माझी दोन्ही मुलं अनुदानित हायस्कुलात शिकली. त्यातली चार वर्षं मी शिक्षक-पालक संघात होते. पहिलं वर्ष चहा-बिस्किटात आणि टाळ्या वाजवण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी वही घेऊन बसले. त्या वहीतून जी पद्धत तयार झाली ती इथे लिहिते आहे. पालक असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल किंवा गावच्या शाळेला देणगी द्यायच्या विचारात असलेले माजी विद्यार्थी असाल, तरी ती चालेल. वेळ म्हणाल तर सुट्टीचे चार-पाच दिवस आणि शाळेच्या दोन-तीन फेऱ्या.

इथे मी बोलते आहे ते सरकारी पैशावर चालणाऱ्या हायस्कूलबद्दल.

आधी शाळा कुणाची ते बघा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे सगळं त्यावर ठरतं. हायस्कूल जिल्हा परिषदेचं असेल, नगरपालिका-महापालिकेचं असेल, आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा असेल किंवा एखाद्या संस्थेचं अनुदानित असेल. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, पण शाळा चालवते संस्था. दाद मागायची ठिकाणंही वेगळी: जिल्ह्यात शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक, आश्रमशाळेसाठी प्रकल्प अधिकारी. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचं गणित निराळं आहे, त्या या लेखात नाहीत.

शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, टिपून घ्या. अकरा आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो टाकला की यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं प्रगतिपत्रक निघतं: कोणत्या वर्गात किती मुलं, किती मुली, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती. हे सगळं शाळेनेच भरलेलं असतं, हे मात्र विसरू नका. कागदावर ‘मुलींसाठी स्वच्छतागृह: आहे’ असतं. त्याला कुलूप आहे का, हे विचारणारा रकाना नसतो.

ताळमेळ: आठवीत किती होते, दहावीला किती बसले

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

आठवीच का? कारण नववीच्या दारात एकाच वेळी बरंच काही थांबतं. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयासाठी आणि आठवीपर्यंतच आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आणि गणवेश आठवीपर्यंत. आणि ज्या मुलाला आजवर सहसा कुणी मागे ठेवलं नाही, ते बहुधा पहिल्यांदा खरंखुरं नापास होतं ते नववीत. पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात मधल्या सुट्टीत उभे राहा, डोळ्यांनी दिसेल: आठवीपर्यंतची पोरं खिचडीच्या रांगेत आणि नववीतली नळावर. गळती इथे सुरू होते आणि फ्लेक्स तिच्यानंतर छापला जातो.

आता वहीत एक पान आखा. सुरुवातीची शिल्लक म्हणजे आठवीचा ३० सप्टेंबरचा पट. सप्टेंबरच अशासाठी, की शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला वर्षानुवर्षं हीच तारीख धरत आले आहेत आणि शाळेत तो आकडा हमखास सापडतो. त्यात नववी-दहावीत नव्याने आलेली मुलं मिळवा. मग वजा करत चला: दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली, नववीत मागे राहिलेली, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवलेली, आणि शेवटी ‘माहीत नाही’. उरेल तो आकडा बोर्डाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसलेल्यांशी जुळला पाहिजे.

समजा २०२२-२३ मध्ये आठवीत ६४ मुलं होती. पुढे पाच नवी आली, झाली ६९. २०२५ च्या परीक्षेला बसली ४८, आणि ४८ च्या ४८ पास. फ्लेक्सवर १००% लागला, त्यात खोटं काही नाही. मधले २१ कुठे गेले? आठ जण दाखला घेऊन गेले, सहा नववीत राहिले, तिघांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, चौघांचं कुणालाच ठाऊक नाही. दाखला घेऊन खरोखर दुसरीकडे शिकायला गेलेले आठ सोडून द्या. तरी ६१ पैकी ४८, म्हणजे ७९ टक्क्यांच्या आसपास. माझ्या लेखी शाळेचा निकाल तो.

एक बारकावा आहे. आधीच्या बॅचमधून नापास होऊन या मुलांत येऊन मिसळलेली मुलं वेगळी लिहा, नाहीतर खड्डा भरून निघाल्यासारखा दिसतो. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली आणि मीटिंगमध्ये तोंडघशी पडले.

सतरा नंबरबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. हा फॉर्म ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. घरकाम करणाऱ्या बायका, गॅरेजमधली पोरं त्यातून दहावी होतात. पण नववीत काठावर असलेल्या मुलाच्या बापाला बोलावून ‘याला बाहेरून बसवा, इथे जमायचं नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा त्या फॉर्मचा उपयोग शाळेची टक्केवारी वाचवायला होतो. ओळखायचं कसं? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना असतो. नववीचा निकाल लागल्यानंतरच्या दोन महिन्यांत ‘पालकांच्या विनंतीवरून’ दाखले किती गेले ते मोजा. मग त्यांतल्या दोन-तीन पालकांना घरी जाऊन विचारा, विनंती कुणी कुणाला केली होती.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. सप्टेंबरमध्ये पट फुगलेला असणं शाळेच्या सोयीचं असतं, कारण पटावर शिक्षकांची पदं टिकतात. दहावीचे फॉर्म भरताना तोच पट रोडावलेला असणं सोयीचं असतं, कारण टक्केवारी वाढते. एकाच शाळेत दोन्ही ओढी असतात. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची आणि वर्गातली मुलं यांतली तफावत लाखांत निघाली होती. आता आधार जोडणीमुळे हे बरंच आवाक्यात आलंय. तरी ‘नाव आहे, मूल नाही’ हा प्रकार संपलेला नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं पटावर असतात आणि फडावरही. म्हणून सप्टेंबरचा पट आणि जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवा.

आकडे मिळतात कुठे? प्रगतिपत्रक, हजेरीपट, जनरल रजिस्टर. आणि शाळेचे क्लार्क. शाळेत सगळ्यात जास्त माहिती त्यांना असते आणि त्यांना विचारतं सगळ्यात कमी कोण, तर आपण.

निकालपत्रक वाचताना वीस मार्क बाजूला काढा

एका वर्षाची गोष्ट आधी. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. तेव्हा कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता आणि २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, हे मान्य. तरीही एवढी उडी मुलांची हुशारी एका वर्षात घेत नाही.

हिशेब सोपा आहे. १०० पैकी ३५ ला पास, ८० लेखी आणि २० शाळेचे, दोन्ही मिळून. शाळेने २० पैकी २० दिले तर लेखीत ८० पैकी १५ पुरतात. गुणपत्रिकेवर हे वेगळं दिसत नाही, तिथे एकच बेरीज असते. पण अंतर्गत गुणांची यादी शाळेनेच बोर्डाला पाठवलेली असते, तिची प्रत शाळेत असते. नावं झाकून, गणित आणि विज्ञानाचे आकडे मागा. एकूण गुणांतून अंतर्गत गुण वजा केले की लेखीचे उरतात. सगळ्या वर्गाला १८, १९, २० आणि लेखीत निम्मा वर्ग तिशीच्या आत असेल, तर ते २० गुण शाळेचे आहेत, मुलांचे नव्हेत.

श्रेणींकडे बघा: ७५ च्या वर किती, ६० च्या वर किती, ४५ च्या वर किती आणि नुसतेच पास किती. पहिल्या पाच फोटोंपेक्षा मधला मुलगा कुठे आहे ते शोधा. सगळ्या वर्गाला गुणांप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधे कोण येईल? साठ मुलांत तिसाव्या-एकतिसाव्या मुलाला ५८ टक्के आहेत की ७१, यावरून शाळेचं रोजचं शिकवणं कळतं. पहिला नंबर बहुतेक वेळा घरच्या किंवा क्लासच्या जोरावर येतो.

टक्केवारी सहांपैकी उत्तम पाच विषयांवर काढतात, त्यामुळे गणितात गडगडलेला मुलगाही एकूण टक्क्यांत बरा दिसतो. गणिताचा रकाना वेगळा काढाच. आणि हे सगळं तीन वर्षांचं मागा. एका वर्षाचा निकाल चांगल्या-वाईट बॅचवर असतो, तीन वर्षांत शाळा दिसते.

पारावरची परीक्षा

आकड्यांनंतर मुलं. दहा मुलं बोलवा, नववीची. वर्गातली नको, वस्तीवरची. देवळाच्या पारावर किंवा कुणाच्या ओसरीत, पालकांना आधी सांगून, परीक्षा हा शब्दही न काढता.

त्या दिवशीच्या पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचायला द्या. मग विचारा, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. नंतर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला द्या. मग वीजबिल समोर ठेवा: किती युनिट जळाले? मागच्या महिन्यापेक्षा किती जास्त? शेवटी, कालच्या विज्ञानाच्या तासाला काय झालं ते सांगायला लावा.

नववीच्या मुलांना भागाकार? मलाही सुरुवातीला लाज वाटली होती. पण ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची चाचणी घेतली. चारांतल्या एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही, आणि तो भागाकार जेमतेम ४३ टक्क्यांना जमला. ही मुलं बहुतेक शाळा-कॉलेजात नाव असलेली होती.

दहापैकी तिघांना वाचता येत नसेल तर तो दोष एकट्या हायस्कूलचा नाही, मूल पाचवीत किंवा आठवीत आलं तेव्हाच मागे होतं. शाळेला विचारायचा प्रश्न वेगळा: ते मागे आहे हे तुम्हाला कधी कळलं आणि कळल्यावर काय केलंत? आठवीत जून महिन्यात कुणी त्याला वाचायला लावलं का? बऱ्याच शाळांत जादा तास फक्त दहावीला असतात, आणि तेही डिसेंबरनंतर. तोवर या मुलासाठी उशीर झालेला असतो. आठवी-नववीच्या कच्च्या मुलांसाठी वेगळी तासिका चालवणारी शाळा दिसली तर तिचा निकाल ८५ टक्के असला तरी मी माझं मूल तिथे घालीन.

शाळेत जा, पण १५ ऑगस्टला नको

ध्वजवंदन, गॅदरिंग, वार्षिक तपासणी हे दिवस टाळा. त्या दिवशी फरशीसुद्धा इस्त्री केल्यासारखी दिसते. मंगळवार-बुधवार निवडा, मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन करून या, चोरून जाण्यात शहाणपणा नाही. गेल्यावर मात्र ऑफिसात बसून चहा पिण्यात तास घालवू नका.

सगळ्यात आधी वेळापत्रक मागा आणि त्याच्याशी त्या क्षणी चालू असलेले वर्ग ताडून बघा. किती वर्गांवर शिक्षक आहेत, कितींवर मॉनिटर उभा राहून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितोय? ऑफ तास कुठल्या विषयाचे जातात? विषय आणि शिक्षक यांची जोडी लावा. गणिताचं पद रिकामं असेल तर सध्या कोण शिकवतंय: तासिका तत्त्वावर नेमलेला कुणी, की खेळाचे सर? मंजूर पदं आणि भरलेली पदं संचमान्यतेच्या कागदावर असतात. पद रिकामं असण्याचा राग मुख्याध्यापकांवर काढू नका, भरती त्यांच्या हातात नसते. मात्र रिकाम्या पदासाठी किती पत्रं लिहिली, आणि तोवर तास कसे भागवले, हे विचारण्यात काही गैर नाही.

मग वह्या. तीन वेगवेगळ्या बाकांवरच्या, पुढची, मधली, शेवटची. मी हे करायला शिकले आणि मला शाळा कळायला लागली. तिन्ही वह्यांत एकच उत्तर शब्दशः, स्वल्पविरामासकट सारखं असेल तर ते गाइडातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत आलेलं आहे. लाल शाईची बरोबरची खूण असेल आणि तिच्याखाली चुकीचं गणित असेल तर तपासणीच झालेली नाही. चुकीखाली शिक्षकाने एखादी ओळ लिहिली असेल, ‘इथे हातचा विसरलास, पुन्हा कर’, तर त्या शिक्षकाचं नाव वहीत लिहून ठेवा. अशी माणसं प्रत्येक शाळेत एक-दोन असतात आणि त्यांचा सत्कार कुणी करत नाही.

प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांवरची धूळ बोट फिरवून बघा. ग्रंथालयात पुस्तकं किती ते विचारू नका, देवघेव वही मागा. शेवटची नोंद मागच्या फेब्रुवारीतली असेल तर कपाटाची चावी हरवलेली असते.

मुलींचं स्वच्छतागृह शेवटच्या तासाला बघा, आणि बघायला बाईमाणूस न्या. दार लागतं का, आतून कडी आहे का, पाणी आहे का, चावी कुणाकडे असते. एखादी मुलगी म्हणाली की ‘आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही’, तर ताळमेळातल्या काही मुली कुठे गेल्या याचं उत्तर तिथेच मिळालं. मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर सगळीकडे आहे. नववीतल्या चार मुलींना विचारा, त्यात कोण आहे आणि तक्रारपेटी कुठे लावली आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत असली तर ती शोभेची.

तुकड्यांचंही बघा. हुशार मुलं ‘अ’ मध्ये, तिलाच सेमी इंग्रजी, तिलाच अनुभवी शिक्षक, आणि ‘क’ तुकडीला वर्षभर नवा माणूस, असं असेल तर त्या एका छपराखाली दोन शाळा आहेत. तुमचा ताळमेळ तुकडीनिहाय मांडून बघा, मधले २१ बहुतेक एकाच तुकडीतले निघतील.

ऑफिसातली कामं, ज्यांच्यावर मुलांचे पैसे आणि मार्क अवलंबून असतात

याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, ज्याला सगळे एनएमएमएस म्हणतात, तिची परीक्षा आठवीत असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. वर मी सांगितलं की नववीच्या दारात सगळं थांबतं. तिथेच सुरू होणारी ही एक गोष्ट आहे. म्हणून विचारा: गेल्या तीन वर्षांत आठवीतली किती मुलं बसवली, किती निवडली गेली, आणि निवडलेल्यांपैकी कितींचं दरवर्षीचं नूतनीकरण वेळेवर झालं? नूतनीकरण राहिलं तर मुलाची काही चूक नसताना पैसे बंद होतात.

तसंच दिव्यांग आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रस्ताव शाळेने पाठवायचा असतो. शंभर मुलांच्या दहावीत तीन वर्षांत असा एकही प्रस्ताव नसेल, तर मुलं नाहीत असं नव्हे, कुणी ओळखली नाहीत. खेळाचे आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकलेचे वाढीव गुणही असेच प्रस्तावावर अवलंबून. मुलींचे एसटीचे मोफत पास जूनमध्ये मिळाले की ऑगस्टमध्ये, हेही लिहून ठेवा. दोन महिने पास नसला की लांबच्या वाडीवरची मुलगी दोन महिने घरी.

दोन वर्षांपूर्वी पास झालेली मुलं आज कुठे आहेत

वीस नावं घ्या, गुणांच्या वरच्या पाच, खालच्या पाच आणि मधल्या दहा. फोन करा. अकरावी-बारावीत आहेत का, कोणत्या शाखेत? आयटीआय, डिप्लोमा? कामाला लागलीत? मुलींची लग्नं झाली का? ज्यांनी विज्ञान घेतलं त्यांना अकरावीचं गणित झेपलं का?

फोनवर एक प्रश्न शेवटी ठेवा: दहावीनंतर काय करायचं हे तुला शाळेत कुणी सांगितलं होतं का? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, पसंतीक्रम भरायचे असतात. सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेल्या पसंतीक्रमामुळे घरापासून लांबचं कॉलेज लागलं, रोजचं भाडं परवडलं नाही आणि मूल घरी बसलं, हे मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे. ज्या शाळेत शिक्षक जूनमध्ये दोन दिवस बसून आपल्या मुलांचे फॉर्म भरून देतात, ती शाळा मुलांना दाखल्याबरोबर सोडून देत नाही.

कुणाशी तुलना करायची

बारा किलोमीटरवरच्या, प्रवेशासाठी मुलाखत घेणाऱ्या शाळेशी नको. तिच्याकडे येणारी मुलं निवडलेली असतात, बहुतेकांच्या घरी कुणीतरी शिकलेलं असतं. तुमच्या हायस्कुलात येतात ती घरातली पहिलीच दहावीला बसणारी, ऊसतोडीवरची, वीटभट्टीवरची, आणि प्रवेश मागितला की द्यावाच लागतो म्हणून आलेलीही. तुलना करा शाळेची तिच्याच तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी, आणि तालुक्यातल्या तशाच एका दुसऱ्या शाळेशी.

सरकारचीही मूल्यमापनं असतात, आधी शाळासिद्धी होतं, आता नवा गुणवत्ता आराखडा आला आहे. त्यात शाळा स्वतःच स्वतःला श्रेणी देते. ते भरलेलं पत्रक मागून घ्या, पण वाचायला घ्या ते सगळ्यात शेवटी, तुमची वही पूर्ण झाल्यावर. दोन्हीत जिथे फरक पडतो तिथे बोलायला विषय मिळतो.

आता मुख्याध्यापकांसमोर बसा

एकट्याने जाऊ नका आणि दहा जणांनीही जाऊ नका. तिघे पुरे, त्यांत एक आई असावी. ताळमेळाचं पान समोर ठेवा आणि पहिलं वाक्य आरोपाचं नको. ‘सर, आमचा हिशेब इथे जुळत नाही, चार मुलं सापडत नाहीत, जरा बघता का?’ एवढंच. चांगला मुख्याध्यापक त्या चारांतल्या दोघांची नावं तिथल्या तिथे सांगतो, बाप काय करतो तेही सांगतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘तुम्हाला कुणी पाठवलं?’ असं विचारणारा. या एका भेटीत मला जे कळतं ते बाकीच्या सगळ्या रकान्यांत नसतं.

आकडे मिळतच नसतील तर माहितीचा अधिकार आहे. अनुदानित शाळाही त्यात येतात. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून ‘शाळेची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. लिहा: ‘सन २०२२-२३ ची इयत्ता आठवीची ३० सप्टेंबरची पटसंख्या, त्यापुढील दोन वर्षांतील नववी व दहावीची पटसंख्या, आणि या काळात दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची कारणनिहाय संख्या.’ मुलांची नावं मागू नका, लागतही नाहीत. पण हा अर्ज शेवटचा उपाय समजा. एकदा तो पडला की क्लार्क तुमच्याशी कागदापुरतंच बोलतात, आणि खरी माहिती कागदाबाहेर असते.

वहीचं पहिलं पान यंदाच्या आठवीपासून सुरू करा. मागची वर्षं उकरत बसण्यापेक्षा चालू बॅच सोबत घेऊन चालणं सोपं. मी अजून दर सप्टेंबरला शाळेत जाऊन आकडा लिहून आणते, माझी मुलं बाहेर पडली तरी. गेल्या वर्षी जायच्या आधीच क्लार्कभाऊंचा फोन आला. आठवीचा, नववीचा, दहावीचा आकडा सांगितला आणि म्हणाले, ‘ताई, नववीतल्या दोघी अजून उगवल्या नाहीत. तुमच्या बाजूच्या वस्तीवरच्याच आहेत. जाऊन येता का?’